'मेदवेद'मध्ये वेद नाही

एक पोस्ट वर्षानुवर्षं फिरतेय. रशियन लोक अस्वलाला 'मेदवेद' म्हणतात, म्हणजे मधु अधिक वेद, मध जाणणारा. सबब रशियन ही संस्कृतची लेक.

मध बरोबर आहे, वेद नाही. रशियन, पोलिश, चेक वगैरे सगळ्या स्लाव भाषांची जी पूर्वज भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही, तुलना करून उभी केलेली आहे, तिच्यात हा शब्द 'मेद्वेदि' असा धरतात. फोड: 'मेदु' म्हणजे मध आणि 'एद्' म्हणजे खाणे. मधातला 'उ' पुढे स्वर येताच 'व' झाला. शाळेत मनु + अंतर = मन्वंतर शिकलोय ना, तोच यण् संधी. तो 'व' मधाचा आहे, ज्ञानाचा नव्हे. अर्थ सरळ, मधखाऊ. गंमत म्हणजे जुळा शब्द ऋग्वेदातच आहे (1.164.22): 'मध्वदः सुपर्णाः', झाडावर बसलेले मध खाणारे पक्षी. वेद शोधायला निघालेल्यांनी तो उघडला असता तर काम झालं असतं!

'वेद' दाखवायला अस्वलाच्या युक्रेनियन 'वेदमिद' या नावाचा दाखला देतात, पण ती नंतरची उलटापालट आहे. फोड विसरली की शब्द असा घरंगळतो. पोलिशमध्ये तर सुरुवातीच्या 'म'चा 'न' झाला. फुटबॉलपटू पावेल नेद्वेद आठवतो? तोच बदल झालेलं चेक आडनाव, अर्थ अस्वलच.

आता 'लेक'. मधाच्या शब्दात स्लावमध्ये 'ए', ग्रीक 'मेथु'तही 'ए', संस्कृतात मात्र 'अ'. जुनं कोण? लॅटिन 'क्वे', ग्रीक 'ते' आणि संस्कृत 'च' हे तिन्ही 'आणि' या अर्थाचे एकच शब्द. मूळच्या 'क'चा 'च' व्हायला पुढे 'ए' किंवा 'इ' लागतो, म्हणजे संस्कृतच्या त्या 'अ'जागी आधी 'ए' होता. लेकीकडे आईपेक्षा जुना दागिना कुठून आला? या बहिणी आहेत.

दुसरी पोस्ट म्हणते, अस्वलाचं खरं नाव 'बेर', म्हणून गुहेला रशियनमध्ये 'बेरलोगा'. तेही नाही. सर्बियन रूप 'ब्र्लोग', त्यात 'बेर' कुठाय? पोलिश रूपाचा अर्थ तर पेंढ्याचं अंथरूण. अस्वलाचं जुनं नाव आपल्या 'ऋक्ष'चं, ग्रीक 'आर्क्तोस'चं सख्खं. स्लावांनी ते टाकलं. बहुधा भीतीने, नाव घेतलं की येईल म्हणून. रात्री सापाला 'लांबडं' म्हणणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.