समोरच्या टीमचा नववा गडी

क्रॉसआउट या गाड्यांच्या लढाईच्या ऑनलाइन गेममध्ये लढाई आठ विरुद्ध आठ असते, असं सगळे सांगतात. तुम्ही खेळायला बसलात की ती सात विरुद्ध नऊ होते. हा मान फुकट मिळत नाही. गेम फुकट आहे, २०१७ पासून चालू आहे, पण मान गॅरेजमध्येच कमवावा लागतो. कारण इथं केबिन, चाकं, बंदुका, पत्रे एकेक जोडून गाडी स्वतः बांधायची असते, आणि बांधकामात आपला हात धरणारा कोण आहे?

आधी केबिन. केबिनची ताकद संपली की गाडी संपली, मग बाकीचं सगळं नवंकोरं असलं तरी. म्हणून केबिन एकदम पुढे घ्या आणि समोर एकही पत्रा लावू नका. हार घालायला बरं पडतं. केबिन ठरावीक ऊर्जा देते, प्रत्येक बंदूक त्यातली थोडी खाते. ऊर्जा कमी पडली की जनरेटर लावायचा. हा जनरेटर तुटला की नुसता तुटत नाही, फुटतो, आणि शेजारपाजारच्यांना घेऊन जातो. जाणती माणसं तो केबिनपासून लांब, पत्र्याआड लपवतात. तुम्ही तो केबिनच्या पाठीला चिकटवा. दारूगोळ्याची पेटी त्याच्या मांडीवर द्या, तीही फुटते. समोरच्याला नेम एकदाच धरावा लागेल, त्याचे श्रम वाचतील.

आता वजन. केबिनला आणि चाकांना किती ओझं पेलतं हे आकड्यात लिहिलेलं असतं. त्याच्या वर गेलात की वेग मरतो. पण गाळप हंगामात मागे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर रोज बघणाऱ्या माणसाला ओझ्याची मर्यादा कोणी शिकवावी? लावा पत्रे. जागा दिसेल तिथं लावा. यात आणखी एक गंमत आहे. प्रत्येक भागामागे गाडीचा पॉवर स्कोअर वाढतो, आणि गेम त्या आकड्यावरून तुमचे शत्रू निवडतो. म्हणजे मागे बारा बिनकामाचे पत्रे लावले की गाडी तेवढीच दुबळी राहते आणि समोर मात्र दांडगे पैलवान येतात. वजन वाढवून वरच्या गटात गेलेला किडकिडीत गडी जसा आखाड्यात उतरतो, तसं.

बंदुका उंचावर हव्यात. गावाला दिसल्या पाहिजेत. खाली फ्रेम, तिच्यावर मनोरा, मनोऱ्यावर तोफ. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत उंचच उंच नंदीध्वज पेलणाऱ्याचा आदर्श डोळ्यासमोर ठेवा. फक्त त्याचा सराव सोडून द्या. जड वस्तू वर गेली की पहिल्याच कडक वळणाला गाडी कुशीवर झोपते. तोफ मोठी आणि गाडी हलकी असेल तर आणखी बहार: गोळा पुढे जातो, धक्क्याने गाडीचं तोंड फिरतं आणि दुसरा गोळा भलतीकडेच जातो.

आणि ती तोफ कशावर उभी आहे? एका पातळ पट्टीवर. हे मात्र नीट समजून घ्या, कारण निम्मी इज्जत इथंच जाते. प्रत्येक भाग कशाला तरी जोडून शेवटी केबिनपर्यंत पोचला पाहिजे. मधली कडी तुटली की पलीकडचं सगळं गळून पडतं, त्याला ओरखडाही आलेला नसतो तरी. शहाणे दोन-तीन ठिकाणी जोड देतात. तुम्ही सगळा डोलारा एकाच पट्टीवर उभा करा. पट्टी गेली की दोन्ही तोफा जमिनीवर, आणि तुम्ही रिकाम्या गाडीत, नवी पेठेत पार्किंग शोधणाऱ्यासारखे फिरत.

चाकं चारच ठेवा. सहा किंवा आठ असली तर दोन गेली तरी गाडी चालते, मग रडायला कारण काय उरणार? एका बाजूची दोन्ही उडाली की गाडी घाण्याच्या बैलासारखी जागच्या जागी गोल फिरते. आसरा चौकातल्यासारखा हॉर्न वाजवून बघा, फरक पडत नाही.

लढाईआधी गाडी चाचणीच्या मैदानात चालवून बघायची सोय आहे. तिकडे जाऊ नका. गेलात तर कळेल की उजवी मशीनगन तुमच्याच पत्र्याआड अडकलीय आणि उजवीकडे गोळी सुटतच नाही. हे लढाईत कळण्यात जी मजा आहे ती तिथं नाही.

लढाई सुरू झाली की एकटे पुढे पळा. सात जण मागे राहिले, ते भित्रे. मशीनगनचं बटण दाबलं की सोडायचं नाही; ती तापून बंद पडते आणि थंड होईपर्यंत समोरचा तुम्हाला निवांत सोलतो. शॉटगन असेल तर मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला मारा. तिचे छर्रे पसरतात, जवळून पत्रे उडवतात, लांबून नुसती धूळ झटकतात. मधला तळ काबीज करायचा असेल तर त्या वर्तुळाच्या कडेला, पण बाहेर उभे राहा. बंदुका गेल्या तरी नुसती गाडी शत्रूच्या अंगावर घालून बॅकस्पेस दाबून धरला तर स्वतःला उडवता येतं आणि त्यालाही भाजता येतं. ही माहिती विसरा. सरळ गॅरेजला निघून या, सात जणांना कळवूसुद्धा नका.

आता हरल्यावर काय बोलायचं त्याची तयारी. मे महिना, बाहेर चाळीसच्या वर पारा, लॅपटॉप पलंगावर, खाली सोलापुरी चादर. चांगली जाड निवडा. लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा ओढतो, ती चादरीत रुतली की आतला प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. पडद्यावरच्या चित्राच्या फ्रेम गळायला लागतात, शत्रू इथून तिथं उड्या मारतो. वायफायचा राउटर दोन भिंतींपलीकडे टीव्हीमागे ठेवा आणि घरात कुणीतरी मालिका बघत असेल अशीच वेळ धरा. केबल घेऊ नका, पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) खाली येईल आणि एवढं सुंदर कारण हातचं जाईल. उजव्या हाताला शेंगाचटणीचं तेल असू द्या, माऊस नेम सोडून आपोआप सरकतो. कडक भाकरीचा चुरा कीबोर्डात शिरला की वळायची कळ एकदा बसते ती उठत नाही, गाडी डावीकडेच जात राहते. तेही लॅगच्या, म्हणजे नेट अडखळण्याच्या नावावर लिहा.

मग हेडफोनमध्ये टीमला सुनवा: "लका, तुम्ही कव्हर देत नाही बे!" मायक्रोफोन चालू असताना मागून आईची हाक आली तर उत्तम, समोरच्यांना निदान तुमच्याकडून काहीतरी ऐकायला मिळालं.

गॅरेजमध्ये परत आलात की काय तुटलं ते बघत बसू नका. मनोऱ्याच्या वर अजून एक तोफ बसते का, तेवढं बघा.