गांडीव खाली ठेवलेला अर्जुन

हनुमान जयंती असो, रामनवमी असो की गावातला सप्ताह, आमच्याकडे फाट्यावरच्या फ्लेक्सवरचा देव आता रागावलेलाच असतो. ट्रॅक्टरवर, मोटरसायकलच्या टाकीवर तो भगवा-काळा, भुवया ताणलेला हनुमान. केरळातल्या कासरगोडकडच्या एका तरुण चित्रकाराने २०१५ साली काढलेलं ते चित्र पाहता पाहता आमच्या पांदणरस्त्यापर्यंत पोचलं. चित्र जोरकस आहे, मला आवडतंही. पण वीराची अर्धीच गोष्ट आपण पोट्ट्यांना सांगतोय, आणि जे अर्धं गाळतोय त्याचीच आपल्या विदर्भाला जास्त गरज आहे, असं मला फार मनापासून वाटतं.

गीतेचंच घ्या. कॅलेंडरवर पांढरे घोडे, रथ, शंख. पोथी उघडली की पहिल्याच अध्यायात काय? जगातल्या सगळ्यात मोठ्या धनुर्धराचं अंग कापतंय, तोंडाला कोरड पडलीय, गांडीव हातातून निसटतंय, त्याला उभं राहवत नाही. अध्याय संपतो तेव्हा धनुष्यबाण टाकून तो रथात बसलेला असतो. या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग आहे.

यावर कृष्ण आधी काय म्हणतो? आपण म्हणतो तेच. हा नामर्दपणा तुला शोभत नाही, ऊठ. दुसऱ्या अध्यायाचा तिसरा श्लोक. आणि त्याने काहीही होत नाही! अर्जुन म्हणतो, मला काही सुचत नाही, मी तुला शरण आलोय, तूच सांग. मग ‘मी लढणार नाही’ म्हणून गप्प बसतो. तिथून कृष्ण समजावायला लागतो तो थेट अठराव्या अध्यायापर्यंत. लोक काय म्हणतील, अपकीर्ती होईल, हेही मध्ये चार श्लोकांत बोलून पाहतो, पण तेवढ्यावर गीता भागत नाही. अर्जुन पुन्हा पुन्हा शंका विचारतो, कृष्ण पुन्हा पुन्हा उत्तर देतो. आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणतो, आता तुला वाटेल तसं कर. मला गीतेतलं हे सगळ्यात मोठं वाक्य वाटतं. खचलेल्या माणसाशी इतका वेळ बोलून शेवटी निर्णय त्याच्याच हाती ठेवायचा, याला काय काळीज लागत असेल!

माउलींनी त्या खचण्याला केवढ्या मायेने पाहिलंय. ‘जैसा भ्रमर भेदी कोडें । भलतैसें काष्ठ कोरडें । परि कळिकेमाजी सांपडे । कोंवळिये ॥’ वाळलं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो. जीव गेला तरी पाकळी फाडत नाही. अर्जुन अडकला तो स्नेहात.

हे सगळं मी का लिहितोय? मी कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात राहतो. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यातलाच एक आमचा. गावात एखादा माणूस असा गेला की आम्ही भजनी मंडळाची माणसं त्या घरी जाऊन बसतो. घरची बाई काय सांगते? ‘काही बोललेच नाही जी ते.’ बोंडअळीने कपाशी गेली, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करून झालं, तरी चौकात विचारलं की ‘मस्त आहे’. कारणं पिकाच्या भावाची आहेत, पाण्याची आहेत, कर्जाची आहेत, आणि त्यांचा जाब सरकारलाच द्यावा लागेल. फ्लेक्सवर मी ते पाप ढकलत नाही. पण ‘मर्द होय ना बे तू, रडतं काऊन?’ हे ज्या पोराने पाळण्यातून ऐकलं आणि देवळातही ज्याला फक्त न हरणारेच दाखवले, त्याने आपला विषाद कोणापुढे ठेवायचा?

हनुमानाची गोष्टही तशीच. समुद्रकाठी सगळी वानरसेना हातपाय गाळून बसलेली असताना तो बाजूला गप्प बसला होता. म्हाताऱ्या जांबवंताने जवळ येऊन त्याला त्याचं बळ सांगितलं, तेव्हा कुठे तो उठला. उड्डाणाची चित्रं घरोघरी आहेत. जांबवंताचं एक तरी पाहिलंय का कोणी?

तुकोबांचं ‘रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग’ आपण भाषणात फेकतो आणि पुढचं चरण विसरतो: ‘अंतर्बाह्य जग आणि मन’. हा माणूस रोज आघात पडताहेत म्हणून उघड सांगतो आणि नामाच्या बळावर उभा राहतो. आमच्या गावच्या विहारात भूमिस्पर्श मुद्रेतला बुद्ध आहे. मोहात पाडणाऱ्या माराची सगळी फौज समोर, आणि हा बसल्या जागी जमिनीला हात लावून तिला साक्षीला बोलावतो. तिथेही एकट्याच्या जिवावर काही चाललेलं नाही.

कोणी म्हणेल, याला लढणंच नको आहे. तसं नाही बाप्पा. चिमूर आणि आष्टी आपलीच. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथे इंग्रजांविरुद्ध उठाव कसा झाला ते आमच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आहे. झाडं शस्त्रं होतील, भक्तांची सेना होईल, असं खंजिरीवर गाणाऱ्या तुकडोजी महाराजांना इंग्रजांनी त्याच वर्षी तुरुंगात टाकलं. पण तेच महाराज पुढे ग्रामगीतेत गावाची सफाई, शेती, शिक्षण सांगतात, आणि रोज संध्याकाळी सगळ्या गावाने एकत्र बसून प्रार्थना करावी म्हणतात. सामुदायिक प्रार्थनेला आज आमच्याकडे मोजकी म्हातारी माणसं येतात. रोज येणारा माणूस चार दिवस आला नाही तर कोणीतरी त्याच्या घरी जातं, एवढं तरी त्यात होतं. आणि याच अमरावती जिल्ह्यात गुलाबराव महाराजांनी स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवलं, कृष्णाची पत्नी म्हणून कुंकू-मंगळसूत्र घातलं. त्यांना कोणी कमी संत मानलं नाही.

यंदाच्या सप्ताहात एक अख्खं कीर्तन फक्त पहिल्या अध्यायावर ठेवायचं, असा विषय मी मंडळापुढे मांडलाय. कीर्तन झाल्यावर महाराजांनी तासभर मांडवात बसावं, ज्याला बोलायचं त्याने बोलावं. दोघातिघांनी नाकं मुरडली, बाकीच्यांनी मान डोलावली. विषादयोगावर सलग बोलणारे, आणि बोलून झाल्यावर लोकांचं ऐकून घेणारे कीर्तनकार तुमच्या पाहण्यात असतील तर कमेंटमध्ये नक्की कळवा. वर्धा, यवतमाळ, वाशीमकडचे असले तर येण्या-जाण्याची सोय आम्ही करू.