बाबांच्या हातात माईक का दिला नाही?

आज सकाळी टपरीवर एकानं सगळ्यांसमोर टोकलं, "काय रे, बापाले घेऊन नागपूरले भाषणं आयकाले गेलता म्हणे? घरी कापूस वेचाचा रायला अन्..." दोघं-तिघं हसले. माणूस वयानं मोठा, शेजारचाच, म्हणून मी गप्प चहा प्यायलो. पण तेव्हापासून डोकं तापलंय.

हो, गेलो होतो. विचारांची परिषद होती, दोन दिवसांची. वेचणी दोन दिवस अडली, मान्य. पण लग्नात, तेरवीत, पुढाऱ्याच्या सभेत आपले किती दिवस जातात ते कोणी मोजतं का? शेतकरी शिकायला गेला की मात्र तो रिकामटेकडा!

बाबा सातवी शिकलेले. दोन्ही दिवस पहिल्या भाषणापासून शेवटच्या भाषणापर्यंत जागचे हलले नाहीत. वहीत लिहीत होते. एका डॉक्टरांनी बाळंतपणातल्या रक्तक्षयावर सांगितलं, ते घरी आल्याबरोबर त्यांनी माझ्या बहिणीला वाचून दाखवलं. मग मातीवर बोलायला एक बाई उभ्या राहिल्या. मातीत कर्ब कसा टिकवायचा, ठिबकनं विहिरीचं पाणी थोडं थोडं कसं द्यायचं, सगळं सुरेख मांडलं. टाळ्या झाल्या. बाबांनी हात वर केला.

आणि एक पोरगा धावत आला. "काका, इथं प्रश्न विचारायचे नसतात."

बाबांनी हात खाली घेतला. तो खाली येणारा हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

अठरा मिनिटं बोलायचं आणि उतरायचं, ही पद्धत टेड नावाच्या अमेरिकन भाषण-परिषदेची. टेड १९८४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालं, २००९ पासून टेडएक्सच्या नावानं ठिकठिकाणी परवाने मिळू लागले. आम्ही गेलो ती परिषद त्यांची नव्हती, पण घडी तीच. थोडक्यात बोलायची शिस्त चांगली आहे, आपल्याकडच्या भाषणबहाद्दरांना तर ती लागायलाच हवी. एवढ्या गर्दीत सगळ्यांना माईक दिला तर रात्र होईल, हेही कळतं. पण दहा माणसांनाही नाही?

अरे, हा गाडगेबाबांचा मुलूख आहे! गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे प्रश्नच. समोरच्याला विचारायचे, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे. अडाणी माणूसही त्या कीर्तनात बोलायचा. वलगावला पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ ला त्यांनी देह ठेवला, त्याच रस्त्यानं आमची एसटी दर्यापूरला परत आली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला अभ्यासगट बसतात. बाहेरचा जाणकार बोलतो, गाव त्याला विचारतं, मग सगळ्यांची सहमती होईपर्यंत चर्चा चालते. आपल्याकडे ही रीत असताना आपण ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि घरी यायचं, हे मला पटत नाही.

तर, जेवणाच्या सुट्टीत बाबांनी त्या बाईंना गाठलंच. "ताई, तुमी म्हनता हिरीचं पानी द्या. आमच्या हिरीचं पानी खारं हाय. ते देल्लं त जमीन अजून बिघडते. मंग आमी काय कराव?"

बाईंनी ताट बाजूला ठेवलं. "काका, गाव कुठलं?" दर्यापूर तालुका म्हटल्यावर त्या पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, "तुमचा खारपाणपट्टा आहे. माझ्या भाषणातली ठिबकची गोष्ट तुमच्या विहिरीला लागू नाही. हे मी स्टेजवर सांगायला पाहिजे होतं."

हे ऐकून माझा राग निम्मा गेला. माणूस शिकलेला असावा तर असा.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाण्यात हा खाऱ्या पाण्याचा पट्टा पसरलाय, आणि त्यातल्या गावोगावी हाच प्रश्न आहे. म्हणजे बाबांना माईक मिळाला असता तर सभागृहातल्या कितीतरी लोकांच्या कामाचं उत्तर मिळालं असतं. ते दोन माणसांना पायरीवर मिळालं. विहिरीच्या भरवशावर राहू नका, शेततळ्यात पावसाचं पाणी धरा, अशी माती सुधारायला जिप्सम नावाचं खनिज टाकतात, पण माती तपासल्याशिवाय ते किती टाकायचं हा आकडा मी सांगणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आणि घरी करून बघायला एक प्रयोग दिला.

तो आमच्या खिडकीत मांडलाय. लोणच्याच्या रिकाम्या दोन बरण्या. दोन्हीत बांधाकडच्या तुकड्यातली माती आणि फिल्टरचं गोडं पाणी, एकीत चिमूटभर जिप्सम जास्त. हलवून ठेवल्या. जिप्समची बरणी दुसऱ्या दिवशी निवळली, तळाशी माती, वर पाणी. दुसरी आज तिसऱ्या दिवशीही चहासारखी गढूळ आहे. सोडियम जास्त असला की मातीचे बारीक कण सुटे होतात आणि तरंगत राहतात. पावसात शेतात पाय रुततो आणि उन्हात ढेकूळ फुटत नाही, त्याचं कारणही तेच. बाबांनी ही जमीन चाळीस वर्षं कसली. काल ते बरणीसमोर बसून मला म्हणाले, "मले वाटे आपल्याच नशिबाची माती अशी हाय."

टपरीवर हसणाऱ्यांनी येऊन त्या दोन बरण्या एकदा बघाव्यात. रागानं नाही बोलवत, खरंच या. चहा माझ्याकडे.

बाईंनी फोन नंबर दिलाय आणि रविवारी रात्री आठला पारावर फोनवर बोलायला तयार झाल्यात. मी स्पीकर लावतो. भाषण ठेवलेलं नाही, फक्त तुमचे प्रश्न. येताना आपापल्या शेतातली मूठभर माती आणा. पहिला प्रश्न बाबा विचारणार आहेत, त्यांनी वहीत लिहूनही ठेवलाय.