तुळशीचा भाऊबंद

इंग्लंडमधल्या आमच्या परसात मोठ्या कौतुकाने लावलेले गवती चहाचे दोन्ही ठोंब पहिल्याच हिवाळ्यात गारठून गेले, तेव्हा रोपवाटिकेतल्या गृहस्थांनी ‘याला थंडी बाधत नाही’ असे म्हणत लेमन बामचे बोटभर रोप माझ्या हाती दिले. लिंबाचा वास देणारे सिट्रल हे द्रव्य दोन्ही वनस्पतींत असल्याने मी निश्चिंत झालो. आईला फोनवर हे नाव सांगितले, तर ‘डोके दुखते आहे का रे?’ असे तिने काळजीने विचारले. त्या वेळी दुखत नव्हते.

हे रोप पुदिन्याच्या कुळातले. ते फुलण्याआधी छाटावे, एवढे पथ्य पुरेसे असते. पण त्याचे शास्त्रीय नाव ‘मेलिसा’ म्हणजे ग्रीक भाषेत मधमाशी, हे कळल्यापासून पत्नीने माझी कात्री लपवून ठेवली. मधमाश्या आल्या, तृप्त झाल्या आणि निघून गेल्या. बी मात्र मागे राहिले. त्या बियांना रुजायला उजेड लागत असल्यामुळे खोल मातीची त्यांना गरजच नव्हती, आणि तिसऱ्या वर्षी ते कोथिंबिरीच्या वाफ्यात, फरशीच्या फटींत आणि शेवटी तुळशीच्या कुंडीतही उगवले. तुळसही त्याच कुळातली असल्याने ही उघडउघड भाऊबंदकी होती.

खाऊन संपवावे म्हटले, तर चहातच पहिली ठेच लागली. गवती चहासारखा हा पाला खळखळून उकळला की त्याचा वास उडून जातो. त्यावर गरम पाणी ओतून, झाकण ठेवून वाट पाहावी लागते. आमच्या घरात न उकळलेल्या द्रवाला चहा म्हणण्याची पद्धत नाही. वाळवून ठेवला, तर डबाभर पालापाचोळा उरला. चटणी त्यातल्या त्यात बरी झाली, कारण तिच्यात निम्मी कोथिंबीर होती. भजीही केली, मुलांनी वरचे आवरण खाऊन पाने ताटाच्या कडेला नीट रचून ठेवली. मंडळाच्या गणपतीत मी जुड्या बांधून वाटल्या, आणि आता तिथे माझ्या हातात पिशवी दिसली की मंडळी घाईघाईने आरतीला उभी राहतात.

गेल्या उन्हाळ्यात आई आली. तिने परसात एक फेरी मारली, तुळशीच्या कुंडीपाशी थोडा वेळ थांबली, आणि काही न बोलता पिशवीतून खऱ्या बामची डबी काढून माझ्या हातावर ठेवली.