मोबाइलला आंघोळ घालू नका

हात मात्र धुवा. अगदी रीतसर धुवा. बेसिनवरच्या तक्त्यात दाखवलंय तसं तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, काही सोडू नका. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद लागतात असं जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगून ठेवलंय, तेव्हा घाई नको. मग कोपराने नळ बंद करा आणि त्याच लख्ख हाताने ॲप्रनच्या खिशातला मोबाइल काढा. सकाळपासून तो तुमच्याबरोबर आयसीयूत, कॅन्टीनमध्ये आणि, आता लपवायचं काय, संडासातही जाऊन आलाय. इतक्या जिवलग सोबत्याला पुसायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेणंच झालं.

ग्लोव्ह्ज चढवले की तर प्रश्नच मिटला. ड्रेसिंग अर्ध्यावर आहे, गॉजला पिवळट ओल सुटलीय आणि खिशात फोन थरथरतोय? करंगळीने उचला. करंगळीला काही लागलेलं नसतं, अशी आपली श्रद्धा आहे. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबा, "हो हो, राउंड संपवून येतोच" म्हणा आणि उरलेली जखम पुसायला घ्या. काम झाल्यावर ग्लोव्ह्ज कचऱ्यात जातील, फोन गालाला लागेल, आणि संध्याकाळी गेम खेळायला लेकराच्या हातात. एका पेशंटनंतर ग्लोव्ह्ज बदलायचे असतात, हे तुम्ही ज्युनियरला रोज ऐकवता. फोनबद्दल कुणी काही विचारलेलं नाही, मग आपण होऊन विषय कशाला काढा?

१८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने असाच आगाऊपणा केला होता. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, पण बऱ्याच सहकाऱ्यांना तो अपमान वाटला. सभ्य गृहस्थाचे हात घाण कसे असतील! तोच बाणा आता आपण फोनच्या बाबतीत जपू या.

तरी एखाद्याला पुसायची हुक्की आलीच, तर ॲप्रनच्या टोकाने पुसा. स्क्रीन चकाकते, जंतू जागा बदलतात, दोघंही खूश. ७० टक्के अल्कोहोलच्या वाइपच्या वाटेला जाऊ नका. ॲपलने २०२० साली आपल्या सूचनांत असे वाइप फोनला चालतात असं लिहिलं, पण सूचना वाचतो कोण? वाइप मारलाच, तर ओल वाळायच्या आत कोरडा करा. ती ओल थोडा वेळ टिकली तर जंतू मरतात, आणि आपल्याला इतकं टोकाला जायचं नाहीये. कव्हर तर मुळीच काढू नका. त्याच्या कडेची करडी रेघ आणि स्पीकरच्या जाळीतला तो लोकरीसारखा मळ जमायला वर्षं लागतात. एमआरएसएसारखा, नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधीकधी महिनेही तग धरतो. पाहुण्याला असं हाकलायचं नसतं.

बजेट शिल्लक असेल तर अतिनील किरणांची पेटी घ्या. जिथे सावली पडते तिथे किरण पोचत नाहीत, त्यामुळे कव्हरखालच्या मंडळींना त्रास नाही. शिवाय पेटी घेतल्याचा फोटो काढता येतो. त्याच फोनने.

वॉर्डातल्या सामायिक टॅबलेटबद्दल मात्र मी निश्चिंत आहे. तो सगळ्यांचा, म्हणून पुसायची पाळी कुणाचीच नाही. पहिल्या खाटेच्या नोंदी झाल्या की पांघरुणावरून उचलून दुसऱ्या खाटेच्या पांघरुणावर ठेवायचा. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूमुळे जुलाब लागलेला पेशंट मध्येच असेल तर आणखी उत्तम: त्या जंतूच्या बीजाणूंना, म्हणजे टणक कवचातल्या रूपाला, अल्कोहोलने काही होत नाही, वेगळं जंतुनाशक आणावं लागतं, आणि ते आणायला स्टोअरपर्यंत जावं लागतं.

नातेवाइकांनो, तुम्हीही मागे राहू नका. दाराशी सॅनिटायझर लावलंत, शाबास. आता व्हिडिओ कॉल लावा, फोन पेशंटच्या तोंडाशी धरा, तो खोकेपर्यंत थांबा, आणि मग शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना द्या. त्यांनाही नातवाशी बोलायचंय.