होल टू होल जुळलं म्हणजे शॉकअप जुळला असं नाही

गणपती झाले, रस्त्यांची चाळण झाली आणि बाइकच्या शॉकअपबद्दलचा तो मेसेज परत फिरायला लागला. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागचे शॉकअप बदलायला शोरूममध्ये जाऊ नका, दुसऱ्या मोठ्या गाडीचे लावा. स्प्लेंडर-शाइनवाल्यांनी पल्सरचे गॅसवाले घ्या, मोनोवाल्यांनी (मागे मध्ये एकच शॉकअप असलेल्यांनी) हिमालयन नाहीतर एक्सपल्सचा सेकंडहँड बघा. होल टू होल, म्हणजे दोन टोकांच्या बोल्टच्या होलांमधलं, माप जुळलं की झालं, दहा-पंधरा एमएम लांब निघाला तर उलट बरं, क्लिअरन्स वाढतो. कडक असेल तर ओझं झेपतं, जास्तच कडक वाटला तर प्रीलोड (स्प्रिंग आधीच जेवढी दाबून ठेवलेली असते ते) कमी करा. गॅसचा असल्यामुळे आयुष्यभर बघायला नको. आणि आरटीओ काही बोलत नाही.

यातलं सगळंच खोटं असतं तर बरं होतं, कोणी ऐकलंच नसतं. पंचाईत अशी की प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे.

आधी होल टू होल. हे माप बघावंच लागतं, पण त्यावरून एवढंच कळतं की बोल्ट आत जाईल. शॉकअप किती दबतो, स्प्रिंग किती कडक, आणि मुख्य म्हणजे चिमट्यावर (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवर) तो कुठे बसतो हे त्यात कुठेच येत नाही. दोन शॉकअपवाल्या गाडीत ते चिमट्याच्या मागच्या टोकाकडे, एक्सलजवळ असतात म्हणून चाक जेवढं वर येतं साधारण तेवढाच शॉकअप दबतो. मोनोचं तसं नाही, तो पिव्हटच्या, म्हणजे चिमटा फ्रेमला जोडलेला असतो त्या बाजूला असतो, चाक अडीच इंच वर आलं तर शॉकअप जेमतेम इंचभर दबतो आणि हे प्रमाण प्रत्येक मॉडेलचं वेगळं. हिमालयन ४११ ला तर मध्ये लिंकेज (चिमटा आणि शॉकअप जोडणारे छोटे दांडे) पण आहे, म्हणजे चाक जसजसं वर येतं तसं ते प्रमाणही बदलत जातं. तिचा मागचा ट्रॅव्हल (चाक वरखाली हलण्याची जागा) १८० एमएम आहे तो चिमटा, लिंकेज आणि शॉकअप तिघांचा मिळून. तुम्ही भंगारवाल्याकडून नुसता शॉकअप सोडवून आणलात, बाकीचे दोघे तिकडेच राहिले ना.

थोडं गणित, कंटाळा असेल तर पुढच्या पॅराला जा. स्प्रिंगचा कडकपणा चाकापर्यंत पोचताना त्या प्रमाणाच्या वर्गाने भागला जातो. समजा एक स्प्रिंग एक एमएम दाबायला १० किलो लागतात. चाक आणि शॉकअपचं प्रमाण ३ असेल तर चाकापाशी १० भागिले ९, म्हणजे १.१ किलो. तोच शॉकअप प्रमाण २ असलेल्या गाडीला लावला की १० भागिले ४, म्हणजे अडीच किलो. होल टू होल तेच, बोल्ट तोच, आणि गाडी सव्वादोन पट कडक. म्हणून एकाला लावून मस्त झालेला शॉकअप दुसऱ्याची कंबर मोडतो आणि मग दोघं ग्रुपवर भांडतात, खरं तर दोघांचंही बरोबर असतं.

वजनाचंही तेच. हिमालयन ४११ जवळजवळ २०० किलोची, एक्सपल्स २०० दीडशेच्या थोडी वर, स्प्लेंडर ११० च्या आसपास. पल्सर १५० स्प्लेंडरपेक्षा तीसेक किलोने जड. त्या गाडीच्या वजनाला धरून स्प्रिंग आणि आतलं तेलाचं डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरणं) ठरवलेलं असतं. बुशच्या (शॉकअपच्या टोकाला बोल्ट जातो त्या नळीच्या) होलाची साइज वेगळी निघाली की आपल्याकडे लगेच जाड स्लीव्ह ठोकतात नाहीतर दोन वायसर (वॉशर) जास्त टाकतात, त्याने शॉकअप तिरका बसतो, रॉडवर बाजूने दाब येतो आणि ऑइल सील एका बाजूने खाल्लं जातं. मग लिकेज झालं की पल्सरच्या नावाने शिव्या.

आता ‘लांब असेल तर बरं’. मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा येतो. दोन शॉकअपवाल्या गाडीत १० एमएम लांब लावला तर मागचा भाग साधारण तेवढाच, फार तर थोडा जास्त उचलला जातो, पण मोनोत प्रमाण अडीच धरलं तर तोच १० एमएम मागे २५ एमएम होतो. पुढचा भाग तिथेच. इंजिन मध्ये असल्यामुळे त्याच्याखाली यातले निम्मेच मिळतात, म्हणजे ज्या स्पीडब्रेकरसाठी एवढा खटाटोप केला तिथे जेमतेम १२-१३ एमएम.

त्या बदल्यात काय जातं ते बघा. दोन चाकांमधलं अंतर १३०० एमएम धरलं तर मागे २५ एमएम वाढल्याने गाडी एक डिग्रीपेक्षा थोडी जास्त पुढे झुकते. हँडलचा कोन तेवढा उभा होतो, ट्रेल (पुढचं चाक सरळ धरून ठेवणारं अंतर) कमी होतो, गावातल्या वळणात गाडी चटकन वळते म्हणून पहिले दोन दिवस मजा येते आणि मग हायवेला स्पीडला हँडल हलकं लागायला लागतं. आंबोली किंवा करूळ घाट उतरताना आधीच सगळं वजन पुढे असतं त्यात अजून भर. हेडलाइटचा झोतही तेवढाच खाली येतो, २५ मीटरवर जवळजवळ अर्धा मीटर, आणि घाटात धुकं असताना हे चांगलंच जाणवतं. चेनचं सॅगिंग (ढिलेपणा) बदलतं, ती चिमट्यावरच्या रबरी पट्टीला जास्त घासायला लागते, त्यामुळे चेन परत सेट करायलाच हवी, हे त्या मेसेजमध्ये नाही. मेन स्टँडवर मागचं चाक जमिनीवरून सुटत नाही. साइड स्टँड आखूड पडतो, गाडी जास्त कलते, आणि आपल्याकडे खळी (अंगणं) काय सगळी सपाट असतात का. वाडीतल्या एकाची गाडी अशीच रात्री खळ्यात आडवी झाली ती थेट तुळशीवर. गाडीचा एक आरसा गेला, पण घरी बोलणी खाल्ली ती तुळशीसाठी.

कडक म्हणजे ओझं झेपतं, हे अर्धं खरं. कडक स्प्रिंगने मागून गाडी कमी बसते, पण गाडीला किती वजन चालतं ते फ्रेम, रिम, ब्रेक आणि टायर मिळून ठरतं. टायरच्या बाजूला ५४पी असं काहीतरी लिहिलेलं असतं ते वाचा, ५४ म्हणजे त्या टायरला जास्तीत जास्त २१२ किलो. शॉकअप हिमालयनचा लावला म्हणून तो आकडा बदलत नाही. मे महिन्यात हापूसच्या पेट्या दोन्ही बाजूला बांधून वर माणूस बसलेला दिसतो, तिथे शॉकअप शाबूत आणि रिमला तडा असं होऊ शकतं.

आणि कडक स्प्रिंग, आत डॅम्पिंग मात्र तिला न पुरणारं, अशी जोडी जमली की गाडी खड्ड्यात दबते कमी आणि वर फेकते जास्त. डबल सीट असताना मागच्याला विचारा, तो सांगेल.

प्रीलोड कमी केला की शॉकअप नरम होतो हा तर जुनाच गैरसमज. सी-पाना घेऊन स्प्रिंगखालच्या रिंगची खाच बदलली की स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त गाडी किती उंचीवर बसते ते बदलतं. कडक स्प्रिंगचा प्रीलोड काढला तर गाडी खाली बसते, पुढे दबायला जागा कमी राहते, आणि मोठा खड्डा आला की धाडकन टेकते. हिशोब साधा आहे. आपण बसल्यावर मागचा भाग एकूण ट्रॅव्हलच्या पाव ते एक तृतीयांश दबला पाहिजे, १२० एमएम ट्रॅव्हल असेल तर ३० ते ४०. मागचं चाक हवेत उचलून एक्सलपासून सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंत टेपने मोजा, मग गाडी खाली घेऊन वर बसा, दुसऱ्याला परत मोजायला सांगा, वजाबाकी करा. सगळ्या खाचा फिरवूनही हे माप येत नसेल तर स्प्रिंगच तुमच्या वजनाची नाही.

आता गॅस. बऱ्याच जणांना वाटतं गॅसवाल्या शॉकअपला जो डबा असतो त्यात गॅसची गादी असते आणि माणूस तिच्यावर बसतो. वजन स्प्रिंगच घेते. नायट्रोजन तेलावर दाब ठेवतो, म्हणजे सलग खराब रस्त्यावर शॉकअप तापला तरी तेलाचा फेस होत नाही आणि डॅम्पिंग टिकतं. ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याने गाडी मऊ होत नाही. बाजारात स्वस्तातल्या कॉप्या पण आहेत ज्यांचा डबा नुसता शोभेचा, आत गॅसचा पत्ता नाही. उलटा लावला तर स्टाइल दिसते म्हणूनही काही जण लावतात, ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) शॉकअप उलटा केला की व्हॉल्व्हमधून तेलाऐवजी हवा जाते आणि डॅम्पिंग संपलं.

आयुष्यभर बघायला नको म्हणणाऱ्याने एकदा हर्णै नाहीतर मिरकरवाड्याच्या बंदरात जावं आणि मासे नेणाऱ्या गाड्या जवळून बघाव्यात. क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी टपकत असतं, ते सरळ शॉकअपच्या रॉडवर. रॉड वरून चकचकीत दिसतो, पण बोट फिरवलंत तर बारीक पुरळासारखं लागतं, क्रोम तिथे फुगून सुटलेला असतो. शॉकअप दबला की तीच पुरळ ऑइल सीलमधून वरखाली जाते आणि सील कानशीने घासल्यासारखं फाटतं. आधी रॉडवर तेलाची ओली रेघ, तिच्यावर जांभ्याची लाल धूळ चिकटलेली, आणि थोड्या दिवसांत गाडी होडीसारखी डुलायला लागते. गॅसवाल्याचं सील गेलं तर तेलाबरोबर गॅस पण जातो, आणि कम्युटरचे (रोजच्या साध्या गाड्यांचे) बरेचसे शॉकअप उघडून दुरुस्त करण्यासारखे नसतातच. तो डबा घरी उघडायचा तर विचारही करू नका, आत प्रेशर असतं. समुद्राकडच्यांनी गोड्या पाण्याने धुवायचं, फडक्याने रॉड पुसायचा, एवढं केलं तरी फरक पडतो.

आरटीओबद्दल दोनच ओळी. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करायचा नाही असं आहे, शॉकअपचा नंबर काही आरसीवर नसतो, म्हणून रस्त्यात सहसा कोणी विचारत नाही. पण वॉरंटी आणि इन्शुरन्सवाले विचारू शकतात, आणि ते अपघात झाल्यावर विचारतात.

मग दुसऱ्या गाडीचा लावायचाच नाही का? लावा की. पण आधी टायरची हवा बघा, चिमट्याचे बुश बघा, आहे त्या शॉकअपची खाच योग्य ठिकाणी आहे का बघा, बऱ्याच लोकांचं काम इथेच होतं. त्यानंतरही बदलायचा असेल तर साधारण तुमच्याच वजनाच्या गाडीचा, तेवढ्याच लांबीचा, तशाच बुशचा घ्या, दोन असतील तर दोन्ही एकदम बदला. आणि लावण्याआधी मेकॅनिकला एक गोष्ट करायला लावा. जुना शॉकअप काढल्यावर नवीन पूर्ण दबला की केवढा होतो ते माप घ्यायचं, बोल्टच्या दोन जागांमधलं अंतर तेवढं होईपर्यंत जॅकने चाक वर उचलायचं, आणि टायर मडगार्डला, चेन कव्हरला किंवा बॅटरीच्या डब्याला कुठे लागतो का ते डोळ्यांनी बघायचं. लागत असेल तर तो शॉकअप आला तसा परत द्यायचा, त्यामुळे सेकंडहँड घेताना बसला नाही तर परत घेणार का हे पैसे देण्याआधीच बोलून ठेवा.