कुलर बंद करा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

'द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय' या २००७ च्या चित्रपटात सगळं शरीर लुळं पडलेला माणूस पापणी मिटून पुस्तक लिहवून घेतो. त्यावरच्या लेखाला तुमचे आक्षेप तीन : पापण्या मिटून पुस्तक लिहिणं ही कविकल्पना, डोळा शिवण्याचं दृश्य उगाच अंगावर काटा आणायला घातलेलं, आणि असले लाड एखाद्या पॅरिसच्या संपादकाला परवडतात, नागपुरात लाखालाखांची यंत्रं कोण घेणार?

पहिल्याचं लवकर आटपतं. चित्रपटाचा नायक, तोच पॅरिसचा संपादक, ज्याँ-दोमिनिक बोबी हा खरा माणूस. ८ डिसेंबर १९९५ ला त्याला ब्रेनस्टेमचा, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाचा, झटका आला. मार्च १९९७ मध्ये पुस्तक निघालं आणि काही दिवसांतच, ९ मार्चला, तो गेला. या अवस्थेला 'लॉक्ड-इन सिंड्रोम' म्हणतात. यात बहुधा या देठाला रक्त पुरवणारी बॅसिलर रक्तवाहिनी तुंबते आणि देठाच्या मधल्या भागाचा, म्हणजे पॉन्सचा, पुढचा भाग निकामी होतो. हातपाय, जीभ, गिळणं सगळं जातं. ऐकणं आणि विचार शाबूत राहतात. डोळे वर-खाली करण्याचं आणि पापणी उचलण्याचं केंद्र पॉन्सच्या वर, देठाच्या वरच्या भागात (मिडब्रेनमध्ये) असतं, म्हणून तेवढी हालचाल वाचते.

डोळा शिवतात तो वाचवण्यासाठी. पापणी मिटवणारी चेहऱ्याची नस गेली की डोळा उघडाच राहतो, बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम होते. आपल्या मे महिन्यात कुलरचा झोत थेट तोंडावर येत असेल तर हा धोका आणखी वाढतो. झोत पायांकडे वळवा. डॉक्टरांनी दिलेले थेंब दिवसा, मलम रात्री. मलमाने धूसर दिसतं, दिवसा घातलं तर रुग्णाला समोरचंही नीट दिसत नाही.

आता यंत्र. चित्रपटात यंत्र आहे कुठे? एक बाई अक्षरं म्हणते, हवं ते आलं की तो पापणी मिटतो. अक्षरांचा क्रम ई, एस, ए, आर असा, म्हणजे फ्रेंचमध्ये जास्त वापरात असलेली आधी. मराठीत तर याहून चांगली सोय आहे, कारण आपली वर्णमाला मुळात ओळींतच लावलेली आहे.

समजा रुग्णाला 'कुलर' म्हणायचंय. व्यंजनं एकेक म्हणत गेलात तर क पहिला, ल अठ्ठाविसावा, र सत्ताविसावा. प्रत्येक व्यंजनानंतर 'साधं? काना? वेलांटी? उकार?' विचारायचं, त्याची सहा. एकूण ६२ पुकारे. त्याऐवजी आधी ओळ विचारा : क, च, ट, त, प, य, श. 'हो' आलं की त्याच ओळीतली अक्षरं. २५ पुकाऱ्यांत काम होतं. ओळींचा क्रम य, त, क, प, श, च, ट असा केलात तर १७. स्वरांची ओळ 'श'नंतर घाला. ऱ्हस्व-दीर्घ विसरा, जोडाक्षर फोडून घ्या. शुद्धलेखनाचे मास्तर खोलीबाहेर बसवा.

त्याआधी 'हो' पक्कं करा. चित्रपटातला 'एकदा हो, दोनदा नाही' हा नियम दिसायला छान, पण आपोआप मिटणारी पापणी त्यात मिसळते. नजर वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही, हे जास्त भरवशाचं. उत्तर ठाऊक असलेले प्रश्न उलटसुलट विचारून खात्री करा. 'उकडतंय की थंडी वाजतेय?' हा प्रश्नच चुकीचा. त्याला हो-नाही असं उत्तर नसतं. अक्षरांकडे वळण्यापूर्वी रोजच्या गरजा विचारून घ्या : कफ, कूस, लघवी, डोळा, दुखणं.

बहुतेक घरांत गाडी अडते ती घाईपायी. पुकारणारा उत्तराची वाट न बघता पुढे जातो, मग एक अक्षर चुकतं आणि सगळा शब्द बिघडतो. प्रत्येक पुकाऱ्यानंतर मनात 'एक, दोन' म्हणा. मिळालेलं अक्षर लगेच लिहा आणि मोठ्याने वाचा. अंदाज जरूर करा, पण विचारून : 'कुलर का?' नाही आलं तर होतो तिथूनच पुढे. 'खोडा' यासाठी वेगळी खूण ठेवा, डोळे जास्त वेळ मिटणं चालेल. रुग्ण थकला की खुणा अस्पष्ट होतात. तेव्हा ओढून नेण्यात अर्थ नाही.

नजरेने अक्षरं दाखवायचा पारदर्शक ॲक्रिलिकचा फलक मात्र घाईने बनवून आणू नका. त्यात अक्षरांचे गट कोपऱ्यांत असतात आणि नजर डावी-उजवी जावी लागते. पॉन्स गेलेल्या रुग्णाला नेमकं तेच जमत नाही. वर लिहिलेली पद्धत कानावर चालते, ओळी लिहिलेला कागद पुकारणाऱ्यापुरता. नजरेवर चालणारी महागडी यंत्रंही घेण्याआधी याच कारणासाठी रुग्णावर चालवून बघावीत.

हे फक्त दुर्मिळ झटक्यापुरतं नाही. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन स्नायू लुळे पडण्याचा आजार) साथ आली होती. त्या आजारात व्हेंटिलेटरवर असलेला माणूस पुढे बरा होऊ शकतो, पण मधल्या दिवसांत त्याला बोलता येत नाही. डोळे हलत असतील तर हाच कागद तिथेही कामाचा.

गडचिरोली-गोंदियाकडून नागपूरच्या मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) आलेला रुग्ण निरक्षर असेल तर अक्षरांची ही युक्ती बाद. तिथे विषयांची यादी करा : शरीर, घर, शेत, पैसा, माणसं, आणि प्रत्येकाखाली पोटयादी. 'माणसं'मध्ये घरातल्यांची नावं, 'शेत'मध्ये बैल, मोटर, धान. यादी घरच्यांनीच बनवावी, कारण नावं त्यांनाच ठाऊक. शेवटी 'यातलं काहीच नाही' हा पर्याय हवाच. नाहीतर रुग्ण नाइलाजाने कशालाही हो म्हणतो. झेरॉक्स दोन काढा : एक उशाशी, एक रात्री थांबणाऱ्याच्या खिशात.